फिजिकल सर्व्हर केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) हलवला, मशीन बूट होतं पण नेटवर्क नाही. ईथ० (पहिल्या नेटवर्क कार्डाचं नाव) कुठे गेलं?

सेंटओएस ६ (लिनक्सचा एक प्रकार) चा सर्व्हर जसाच्या तसा केव्हीएमवर नेलात, लॉगिन होतंय, पण ईथ० हे डिव्हाइस सापडत नाही असा मेसेज येतोय. म्हणजे मशीन धड आहे, त्याच्या डोक्यातून जुनं कार्ड गेलेलं नाही इतकंच.

नेटवर्कशिवाय एसएसएच (दुरून लॉगिन) चालणार नाहीच, तेव्हा कन्सोलवरून 'आयपी लिंक' मारा. बहुतेक तिथे ईथ१ दिसेल आणि त्याचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ५२:५४:०० ने सुरू होत असेल. जुन्या कार्डाचा मॅक आणि ईथ० हे नाव यांची गाठ यूडेव्हने (लिनक्समध्ये डिव्हाइसना नावं देणारा प्रोग्राम) मारून ठेवलेली असते, त्यामुळे नव्या कार्डाला पुढचा नंबर मिळतो. तुमचा आयपी मात्र अजून ईथ० च्याच नावावर आहे. यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमधली '७०-पर्सिस्टंट-नेट' ही फाइल उडवा, रीबूटला ती नव्याने बनते. रीबूट करण्याआधी ईथ० च्या आयएफसीएफजी फाइलीतली (कार्डाच्या सेटिंगची फाइल) एचडब्ल्यूएडीडीआरची, म्हणजे जुन्या मॅकची, ओळही काढा. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात आणि मग तासभर केव्हीएमला शिव्या देतात. मीही दिल्यात.

'आयपी लिंक'मध्ये नुसतं 'लो' (मशीनचं स्वतःशीच बोलायचं अंतर्गत नेटवर्क) दिसत असेल तर गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, कार्डच कळलेलं नाही. केव्हीएमच्या सेटिंगमध्ये कार्डाचं मॉडेल तात्पुरतं व्हर्टआयओवरून ई१००० करून पाहा (दोन्ही व्हर्च्युअल कार्डांचे प्रकार).

माझ्याकडे एकदा हे सगळं नीट झालं, पिंगही मिळायला लागला, पण त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या आयपीवर असलेली वेबसाइट बाहेरून उघडेना. तो आयपी कुणीतरी फार पूर्वी आरसी.लोकलमध्ये (बूट होताना चालणारी स्क्रिप्ट) हाताने जोडला होता. मुख्य आयपीवरून मशीन स्वतःच गेटवेशी बोलतं, त्यामुळे गेटवेला त्याचा नवा मॅक लगेच कळतो. दुसऱ्या आयपीवरून आपणहून काहीच जात नव्हतं, म्हणून राउटर जुन्याच मॅककडे पॅकेट पाठवत बसला. सिस्कोच्या राउटरवर एआरपीची (कोणत्या आयपीचा मॅक कोणता) नोंद डीफॉल्टने ४ तास राहते. मी 'आरपिंग' कमांडला यू पर्याय आणि तो आयपी देऊन नव्या मॅकची घोषणा पाठवली आणि साइट त्याच क्षणी उघडली. तुमच्याकडेही जास्तीचे आयपी असतील तर हे आधी बघा.

सेंटओएस ७ असतं तर नावच ईथ० न राहता ईएनएस३ सारखं काही झालं असतं, तेव्हा आयएफसीएफजी फाइलीचं नाव आणि आतलं डिव्हाइस दोन्ही बदलावं लागतं. (६ ला नोव्हेंबर २०२० पासून अपडेट नाहीत, पण तो विषय वेगळा.)

आणि जुन्या मशीनची नेटवर्क केबल आजच काढा. नुसतं शटडाउन पुरत नाही. लाइट जाऊन आली की बायोसच्या सेटिंगप्रमाणे ते आपोआप चालू होऊ शकतं, आणि मग एकाच आयपीवर दोघं भांडत बसतात.