आधी पीक विचार

चि. डॉक्टर,

बंधपत्रित सेवेसाठी, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीसाठी, प्राथमिक आरोग्य केंद्र मिळाले आहे, तर तिकडे जावे की दंड भरून मुंबईतच राहावे, असे तू विचारले आहेस. तुझी धास्ती औषधोपचारांची नसून ‘त्या लोकांशी बोलू काय’ याची आहे, म्हणून एकच सांगतो. तक्रार लिहून घेण्याआधी शेतात कोणते पीक आहे आणि कोणते काम चालू आहे, ते विचार.

ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत असह्य वेदना घेऊन आलेला माणूस आठवडाभर अनवाणी भातलावणी करत होता हे कळले, की लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, शंका आपोआप येते. कपाशीच्या दिवसांत घाम, लाळ आणि डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दिसल्या, तर फवारणीची विषबाधा समजून सदरा उतरव, अंग धुवून घे आणि अ‍ॅट्रोपिन हा विषावरचा उतारा सुरू कर. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ‘हातमोजे का घातले नाहीत’ असे विचारणारे पुष्कळ निघाले. ऑक्टोबरच्या उन्हात, माणसाच्या उंचीला आलेल्या कपाशीतून पाठीवर पंप घेऊन एक तास चालावे आणि मग विचारावे.

केसपेपरवर पिकाचा रकाना हवा, असा आग्रह मी धरला तेव्हा सहकारी मला ‘कृषी सहायक’ म्हणत. म्हणोत बापडे! वेळ नसतो हे मलाही ठाऊक होते. पण चुकीच्या निदानाने तोच रुग्ण तीनदा परत येतो, तो वेळ कोणी मोजत नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तसे काही आमच्याकडे मला उभे करता आले नाही, याची खंत मात्र आहे.

पीक विचारलेस तर सल्लाही बदलेल. ऊसतोडणीला गेलेल्या बाईला ‘आठ दिवस विश्रांती घ्या’ सांगणे सोपे आहे. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, हे माहीत नसेल तर तो सल्ला कागदावरच राहतो.

तेव्हा दंडाचे पैसे घरी मागू नकोस, रुजू हो. पहिल्याच आठवड्यात आशाताईंकडून शेतीपंपांच्या विजेची रात्रपाळी कोणत्या दिवशी असते ते लिहून घे. अंधारात पिकाला पाणी द्यायला गेलेल्यांना घोणस चावते. त्यामुळे त्या पाळीआधी सर्पदंशावरील प्रतिविषाच्या कुप्या स्वतः मोज आणि कमी असतील तर त्याच दिवशी तालुक्याला मागणी पाठव.