हात मागे ठेवून उभी राहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकत होते. हात मातीचे होते, म्हणून नीट बोलणं झालं नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली मुलगी इथं अमेरिकेत, रटगर्स विद्यापीठात एम.एस. करते आहे आणि उन्हाळ्यात काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, एक्स्टेन्शन (कृषी विस्तार) ऑफिसकडून फोर-एच या मुलांच्या संस्थेची बाग सांभाळणार आहे, हे ऐकून मला फार आनंद झाला. "मावशी, मुलांना शिकवू तरी काय?" असं तू विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

शिकवण्यासारखं तुझ्याकडे भरपूर आहे. तुझी पदवीच शेतीची. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुला सगळं येतं, म्हणून सगळं तूच करून टाकशील. मीही तेच केलं होतं. ते पुढे सांगते. आधी हे काम मुलांच्या हातात आलं कसं, ते ऐक, कारण माझं सगळं सांगणं त्यातूनच निघतं.

राहुरीला तुम्हाला विस्तार शिक्षण हा विषय असतो. विद्यापीठात शोध लागतो आणि तो शेतकऱ्यापर्यंत न्यायचा असतो. इथं ते गाडं बरीच वर्षं अडलं होतं. लिंकननं 1862 साली लँड-ग्रँट कॉलेजांचा, म्हणजे सरकारी जमीन देऊन त्या पैशांवर शेतीची कॉलेजं उभारण्याचा, कायदा केला, आणि 1864 मध्ये न्यू जर्सी राज्यानं रटगर्सला आपलं लँड-ग्रँट कॉलेज नेमलं. कॉलेजं उभी राहिली, प्रयोगाची शेतं झाली, पण बापजाद्यांच्या पद्धतीनं पेरणारा शेतकरी 'पुस्तकी शेती'वर विश्वास ठेवायला तयार नव्हता. आपल्या गावातले म्हातारे आठव, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

मग काही शिक्षकांनी मुलांकडून वाट काढली. ओहायोमध्ये क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाचे शाळांचे अधीक्षक होते. त्यांनी जानेवारी 1902 मध्ये मुलामुलींचा क्लब काढला. मुलं घरी मका लावायची, भाजी लावायची, आपल्या शेतातली माती तपासायची. दक्षिणेत मका क्लब निघाले. साउथ कॅरोलायनात जेरी मूर नावाच्या मुलानं 1910 मध्ये एका एकरात 228 बुशेल, म्हणजे जवळपास 58 क्विंटल, मका काढला. आजूबाजूच्या मोठ्या शेतकऱ्यांना याच्या पासंगालाही पुरेल इतकं पिकत नव्हतं. त्याच वर्षी, त्याच राज्यात एकेन काउंटीतल्या मारी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचा टोमॅटो क्लब सुरू केला. प्रत्येक मुलीला एकराचा दहावा हिस्सा. मुलींनी टोमॅटो लावले, डब्यात भरून टिकवले, विकले. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचा पैसा येत नव्हता, तिथं पोरीनं स्वतः कमावलेले डॉलर टेबलावर ठेवले. बापानं मुकाट्यानं पाहिलं असेल आणि पुढच्या हंगामात तिला विचारलं असेल, बी कुठलं आणलंस म्हणून.

असल्या क्लबांतूनच पुढे फोर-एच उभं राहिलं, आणि 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानं ही कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शनची व्यवस्था देशभर पक्की झाली. केंद्र सरकार, राज्याचं विद्यापीठ आणि काउंटी अशा तिघांच्या पैशांवर ती चालते, म्हणूनच नावात 'कोऑपरेटिव्ह' आहे. काउंटीतले लोक काही विचारायला आले, तर त्यांना कंटाळलेल्या चेहऱ्यानं उत्तर देऊ नकोस. त्या खुर्चीचे पैसे तेच भरतात.

थोड्या मोठ्या मुलांना यातली कडू बाजूही सांग. 1862 च्या कायद्यानं जी जमीन वाटली, ती इथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती. आणि दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या मुलांचे क्लब 1960 च्या दशकापर्यंत वेगळे ठेवले होते. तुझ्या बागेत आज सगळ्या रंगांची मुलं एका नळावर पाणी भरतील. त्यांना हे माहीत असायला हवं.

आता माझी चूक सांगते.

फोर-एचच्या बागेत मुलांबरोबर माझं तिसरं-चौथं वर्ष असेल. आमच्याकडे एक दहा वर्षांचा मुलगा होता. अतिशय शांत, बोलायचा कमी आणि वहीत लिहायचा फार. फोर-एचमध्ये प्रत्येक मूल आपल्या प्रोजेक्टची नोंदवही ठेवतं, हे तुला सांगितलंच असेल. त्याला टोमॅटोची घाई झाली होती. आमच्या भागात मेच्या मध्यापर्यंत रात्रीच्या थंडीचा भरवसा नसतो, हे मी त्याला सांगितलं होतं. तरी त्यानं मेच्या पहिल्या आठवड्यात चार रोपं लावली. मी अडवलं नाही, तोवर माझं बरोबर होतं. दोन दिवसांनी रात्री पारा शून्याखाली गेला. पहाटे मी बागेत गेले, तर चारही रोपं काळी पडून लोळत होती. माझ्या पोटात कालवलं. शनिवारी तो येईल, हे पाहील, रडेल. मी घरी आले, गॅरेजमधली माझी चार रोपं घेतली, त्याच वाणाची, साधारण तेवढ्याच उंचीची, आणि त्याच खड्ड्यांत लावून टाकली. माती सारखी केली. कुणाला कळलं नाही.

शनिवारी तो आला, वही उघडली, रोपांपाशी उकिडवा बसला. बराच वेळ मोजत होता. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "माझ्या पहिल्या रोपाला 9 पानं होती. याला 13 आहेत."

मी काहीबाही उत्तर दिलं. वाढली असतील, म्हणाले. शेतकऱ्याची मुलगी मी, आणि थंडीच्या चार दिवसांत टोमॅटोला चार पानं फुटतात असं एका लेकराला सांगत होते. त्यानं वाद घातला नाही. वहीत एक ओळ लिहिली आणि घरी गेला. उन्हाळाभर यायचा, पाणी घालायचा, पण वही पुढे कोरीच राहिली. दुसऱ्या वर्षी त्यानं नाव घातलं नाही. शरद ऋतूत अवजारांची खोली आवरताना मला ती वही सापडली. त्या दिवशीची ओळ होती, "ही माझी रोपं नाहीत."

गोठलेली रोपं त्याची होती, मुली. ती त्यानं पाहायला हवी होती, उपटायला हवी होती, तारीख आणि तापमान लिहायला हवं होतं. शिकण्यासारखं जे होतं ते सगळं त्या काळ्या पानांत होतं, आणि मी तेच पहाटे उचलून कंपोस्टात टाकलं. म्हणून सांगते, मुलाच्या वाफ्यापाशी गेलीस की हात मागे बांधून उभी राहा. खुरपं त्याच्या हातात असू दे. बी उलटं पडलं, खोल गेलं, दाट झालं, तर "असं का लावलंस?" एवढंच विचार आणि उत्तराची वाट बघ. दहा वर्षांच्या मुलाला उत्तर सापडायला वेळ लागतो. तो वेळ मोकळा सोडणं, हेच तुझं काम.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे जास्तच अवघड जातं. इथल्या एडिसन गावाच्या आसपास आपली मंडळी किती आहेत, तू पाहिलंसच. आईवडील पोरांना गाडीतून उतरवतात आणि तिथंच विचारतात, याचा कॉलेजच्या अर्जाला उपयोग होईल ना? त्यांच्यावर चिडू नकोस. तेही कशाकशातून वर आले आहेत. फक्त ऑगस्टमधल्या काउंटी फेअरच्या आधी त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांग. फोर-एचमध्ये बहुतेक ठिकाणी मुलांची एकमेकांशी तुलना होत नाही. त्याला डॅनिश पद्धत म्हणतात. परीक्षकाकडे एक ठरलेली कसोटी असते आणि प्रत्येक वस्तू त्या कसोटीला लावली जाते. उत्तमला निळी फीत, चांगल्याला लाल, सुधारायला जागा असेल तर पांढरी. दहाच्या दहा मुलांना निळी मिळू शकते, किंवा एकालाही नाही.

एका मुलीनं पाच भेंड्या मांडल्या होत्या, वीतभर लांब, दिसायला जबरदस्त. लाल फीत मिळाली. आईचा पहिला प्रश्न, "निळी कुणाला गेली?" कुणाला गेली यानं काही फरक पडत नाही, हे मी त्या बाईंना तीनदा सांगितलं, तरी त्यांचे डोळे शेजारच्या ताटल्यांवरच. लेक मात्र परीक्षकाचं कार्ड वाचत होती. शेंगा जून झाल्या आहेत आणि पाचही सारख्या नाहीत, असं त्यावर लिहिलं होतं. पुढच्या वर्षी ती उन्हाळ्यात एक दिवसाआड बागेत यायची आणि बोटाएवढी झाली की भेंडी तोडायची. फेअरला पाचही एका मापाच्या, कोवळ्या, देठ सारखे कापलेले. निळी फीत मिळाली, पण आईकडे न बघता तिनं आधी कार्डच वाचलं. पहिल्या नंबरावर वाढलेल्या आपल्या घरांत हे घडताना पाहिलं, की मला आजही भरून येतं.

बाकी कामाच्या गोष्टी थोडक्यात. मोठ्या माणसानं एकट्यानं एकट्या मुलाबरोबर कधीही थांबायचं नाही. दोन मोठी माणसं हवीतच. स्वयंसेवकांची तपासणी झाल्याशिवाय कुणाला मुलांत घ्यायचं नाही, मग ती कितीही ओळखीची आजी असो. पण आज्यांना आणच. नातवंडांकडे राहणाऱ्या या बायका दिवसभर बंद घरात टीव्हीपुढे बसलेल्या असतात, आणि त्यांना मेथीची जुडी कशी बांधायची, अंबाडी कुठल्या पानापासून खुडायची, पडवळाला दगड बांधून सरळ कसा वाढवायचा, हे सगळं येतं. आज्या आल्या तर मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्येच पेरून घे. जुलैच्या उन्हात कोथिंबीर फुलोऱ्यावर जाते आणि मुलं हिरमुसतात. भेंडी आणि गवार माती चांगली तापल्यावर.

जुलैत जपानी भुंगेरे येतील, हिरवे-तांबूस, तकतकीत. या देशात हा किडा पहिल्यांदा 1916 मध्ये सापडला तो आपल्याच न्यू जर्सीत, रिव्हर्टनच्या एका रोपवाटिकेत. मुलांना हे सांगितलं की ती एकदम गुप्तहेर होतात. सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याचा डबा खाली धरून पान हलवायचं. फवारणीचं नाव कुणी काढलं तर आधी हा डबा आठवड्याभर चालव.

आणि माती. ही गोष्ट मी सगळ्यात शेवटी ठेवली आहे, पण तुला ती सगळ्यात आधी करायची आहे. तुझ्या बागेची जागा जुन्या घरांच्या रांगेला आणि रस्त्याला लागून आहे. 1978 साली इथं घरांच्या रंगात शिसं घालायला बंदी आली. त्याआधीच्या भिंतींचे पोपडे गळून मातीत मिसळले आहेत, आणि शिशाच्या पेट्रोलचा धूरही रस्त्याकडेला वर्षानुवर्षं बसला आहे. शिसं मातीतून आपोआप निघून जात नाही. टोमॅटोच्या फळात ते फारसं चढत नाही. धोका आहे तो मुळ्याला, पालेभाजीला चिकटलेल्या मातीचा आणि सगळ्यात जास्त मुलांच्या तोंडात जाणाऱ्या बोटांचा. म्हणून अहवाल येईपर्यंत एकही मूल जमिनीवर बसवू नकोस. नमुना रटगर्सच्या माती प्रयोगशाळेत दे आणि सामूबरोबर (मातीच्या आम्लपणाबरोबर) शिशाचीही तपासणी मागून घे. ती मागितल्याशिवाय होत नाही. आकडा वाईट आला तर स्वच्छ माती आणून गादीवाफे कर, मधल्या वाटांवर लाकडाचा भुगा घाल, आणि नळापाशी साबण कायम ठेव.

नमुना घेणं मात्र मुलांकडूनच करून घेता येतं, तपासणीच्या भागात हातमोजे घालून. वाफ्यात दहा-बारा ठिकाणी सहा इंच खोल माती घ्यायची, एकत्र कालवायची आणि त्यातली वाटीभर पिशवीत भरायची. भिंतीलगतचा नमुना वेगळा ठेवा. कुठली माती कुठून घेतली, हे त्यांना स्वतःच्या हातानं कागदावर काढू दे. ग्रॅहमांच्या मुलांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

येत्या शनिवारी सकाळी सातला बागेवर ये. मी दोन खुरपी आणि हातमोजे आणते. तू बादली आण, प्लास्टिकची. पत्र्याची नको, तिच्यातलं जस्त नमुन्यात उतरतं. त्या मुलाची वही अजून माझ्याकडे आहे. तीही घेऊन येते.

तुझी,
मावशी