करार पुरा करून गेलेला खेळाडू गद्दार कसा?

तुम्ही विचारलंय : "मी लिव्हरपूलचा चाहता आहे. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नॉल्ड हा लिव्हरपूल शहरातलाच पोरगा, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला, आणि करार संपू देऊन जवळजवळ फुकटात रियाल माद्रिदला गेला. ही गद्दारी नाही तर काय? हल्लीच्या खेळाडूंत निष्ठा म्हणून काही उरली आहे का?"

मीही लिव्हरपूलवालाच. ५ मे २०२५ ला त्याने जातोय म्हणून जाहीर केलं तेव्हा डोकं माझंही फिरलं होतं, आणि राग अजून पुरता उतरलेला नाही. तरीही गद्दार हा शब्द मला पटत नाही. त्याच वर्षी आपण दुसऱ्या एका खेळाडूचं कसं स्वागत केलं ते आठवलं, तर तुम्हालाही पटू नये.

आधी ट्रेंटचं बघू. जुलै २०२१ मध्ये त्याने चार वर्षांचा करार केला. तो ३० जून २०२५ ला संपणार हे सही झाली त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मुदतीत तो खेळला, शेवटच्या हंगामात प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगची, ट्रॉफी उचलली आणि मुदत भरल्यावर गेला. खेळणार नाही म्हणून अडून बसला नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपल्यावर सामान हलवणाऱ्याला आपण पळपुटा म्हणतो का? शिवाय अगदी फुकटही नाही. क्लब वर्ल्ड कपमध्ये खेळवता यावं म्हणून माद्रिदने त्याला महिनाभर आधी नेलं आणि त्यासाठी सुमारे १ कोटी युरो मोजले.

११ मेची आर्सेनलविरुद्धची मॅच तुम्ही पाहिली असेलच. रविवार होता, आपल्याकडे रात्रीचे नऊ. हाफटाइमला आपण २-० पुढे. लीग आधीच खिशात, म्हणजे त्या मॅचवर आपलं काहीच अवलंबून नव्हतं. सदुसष्टाव्या मिनिटाला कॉनर ब्रॅडलीच्या जागी ट्रेंट आत आला आणि ॲनफिल्डमध्ये, आपल्याच मैदानावर, हुर्यो सुरू झाली. त्याच्या पायाला बॉल लागला की हुर्यो, पास दिला की थांबली, परत बॉल आला की परत सुरू. मॅच २-२ झाली. आम्ही पाच-सहा जण एकत्र बघत होतो. एकजण टीव्हीसमोर बसून तोंडाने हुर्यो करत होता, बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालून गप्प. २०१९ ला बार्सिलोनाविरुद्ध कोपऱ्यातून निघून जातोय असं दाखवत झटकन मागे वळून सहकारी ओरिगीला गोलसाठी कॉर्नर मारला तो हाच, हे त्या खोलीत प्रत्येकाला आठवत होतं, पण बोललं कोणी नाही.

आणि मग आला न्यूकॅसलचा फॉरवर्ड आलेक्झांडर इसाक.

न्यूकॅसलने त्याला २०२२ मध्ये स्पेनच्या रियाल सोसिएदादकडून आणलं आणि २०२८ पर्यंतचा करार केला. मार्च २०२५ मध्ये लीग कपच्या फायनलला त्याने आपल्याच विरुद्ध गोल केला आणि न्यूकॅसलला १९५५ नंतरची पहिली मोठी देशांतर्गत ट्रॉफी मिळाली. त्याच उन्हाळ्यात, करार तीन वर्षं शिल्लक असताना, गडी अडून बसला. संघाच्या आशिया दौऱ्यावर गेला नाही. सराव केला तो जुन्या क्लबच्या, सोसिएदादच्या मैदानावर. ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामवर लिहिलं की दिलेली वचनं मोडली गेली. क्लबने उत्तर दिलं की असं वचन कोणी दिलंच नव्हतं. अखेर १ सप्टेंबरला लिव्हरपूलने १२.५ कोटी पौंड मोजून त्याला घेतलं, ब्रिटनमधली तोवरची सर्वांत मोठी रक्कम.

आपल्या चाहत्यांच्या ग्रुपवर तेव्हा काय चाललं होतं? "पोराला मोठं व्हायचंय", "न्यूकॅसल अडवून ठेवतंय", "जिथे मन नाही तिथे कशाला खेळायचं". करार पुरा करणारा मे महिन्यात गद्दार आणि करार अर्ध्यात मोडायला लावणारा सप्टेंबरमध्ये हिरो! मधे चार महिनेसुद्धा गेले नव्हते.

यात नवल काही नाही म्हणा. मी कोल्हापूरचा. इथे तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि हंगामाआधी केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी असते. आपल्या पेठेतल्या पोराने दुसऱ्या तालमीकडून नाव नोंदवलं की गल्लीत जे बोललं जातं ते इथे लिहिता येणार नाही. आणि समोरच्या तालमीचा चांगला फॉरवर्ड आपल्याकडे आला की त्याच गल्लीत हलगी वाजते. शाहू स्टेडियम काय नि ॲनफिल्ड काय, चाहता म्हटलं की हे आलंच. फक्त त्याला निष्ठेचं तत्त्वज्ञान म्हणू नये.

आता क्लबच्या बाजूचा हिशेब बघा, कारण चर्चा नेहमी खेळाडूपाशीच संपते. इसाकला शिव्या घालणाऱ्या न्यूकॅसलनेच वर्षभरापूर्वी, २०२४ च्या जून अखेरीस, इलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला साडेतीन कोटी पौंडांना विकलं. अँडरसन तिथल्याच भागातला, लहानपणापासून न्यूकॅसलच्या अकादमीत, मॅनेजर एडी हाऊला हवा असलेला. मग विकला का? तेव्हा प्रीमियर लीगचा नियम होता की क्लबचा तीन वर्षांचा एकत्रित तोटा १०.५ कोटी पौंडांच्या पुढे जाता कामा नये. न्यूकॅसल त्या रेषेला टेकलं होतं आणि ३० जूनला हिशेबाचं वर्ष बंद होणार होतं.

इथे एक गंमत कळून घ्यायला हवी. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत करारातल्या वर्षांवर वाटून मांडतात, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. इसाकचे १२.५ कोटी म्हणजे लिव्हरपूलच्या वहीत दरवर्षी अडीच कोटी. पण विक्रीचा नफा एकरकमी, त्याच वर्षी जमा होतो. आणि अकादमीत वाढलेल्या पोराची खरेदी किंमत वहीत शून्य असते, म्हणून त्याला विकलं की आलेला जवळजवळ सगळा पैसा नफा. थोडक्यात, घरचं पोर विकणं सर्वांत फायद्याचं. त्याच सुमारास न्यूकॅसलने फॉरेस्टचा गोलकीपर व्लाकोदिमोस सुमारे दोन कोटी पौंडांना घेतला आणि त्याला जेमतेम खेळवलं. विक्री एकरकमी, खरेदी वाटून, दोघांच्याही वह्या सुधारल्या. चेल्सीने आपल्या अकादमीतल्या मेसन माउंट आणि कॉनर गॅलाघरला विकलं तेव्हाही हा हिशेब डोळ्यांसमोर होताच. अँडरसनला न्यूकॅसलने दगा दिला असं तुम्ही कुठे ऐकलंत? मी तरी नाही. "क्लबची मजबुरी होती" एवढंच ऐकलं.

पूर्वी सगळे एकनिष्ठ होते असं म्हणणाऱ्यांना जॉर्ज ईस्टहॅमची गोष्ट सांगा. क्लब पुन्हा न्यूकॅसलच! १९६० मध्ये त्याचा करार संपला, त्याला दुसरीकडे जायचं होतं, पण तेव्हाच्या नियमाने करार संपला तरी क्लब खेळाडूला सोडायला बांधील नव्हता. पगारही नाही, परवानगीही नाही. आठवड्याच्या पगाराला वर २० पौंडांची मर्यादा होती ती वेगळीच. ईस्टहॅम दक्षिणेकडे गेला आणि चक्क कॉर्क विकायचं काम धरलं. शेवटी न्यूकॅसलने ४७,५०० पौंडांना त्याला आर्सेनलला दिलं. तो तरीही कोर्टात गेला, आणि १९६३ मध्ये कोर्टाने हे अडवून ठेवणं गैर ठरवलं. पुढे बेल्जियमचा खेळाडू बॉसमन याच्या खटल्यात १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाचा निकाल आला आणि करार संपल्यावर पैसे न देता दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जायची वाट मोकळी झाली. चारच वर्षांत त्या वाटेने माद्रिदला कोण गेलं? आपला स्टीव्ह मॅकमॅनमन. तोही लिव्हरपूल शहराचाच.

एवढं सगळं बोलून ट्रेंटला मी अगदी निर्दोष सोडत नाही. लिव्हरपूलचा कॅप्टन व्हायचंय हे तो स्वतः जाहीरपणे बोलला होता. अख्खा हंगाम आपल्या तिघांचे, ट्रेंट, सलाह आणि व्हॅन डाइकचे, करार टांगलेले होते. सलाह बोलत होता, कुरकुरत होता. नोव्हेंबरमध्ये साउथॅम्प्टनच्या मॅचनंतर तर आपण राहण्यापेक्षा जाण्याच्याच जास्त जवळ आहोत असं त्याने पत्रकारांना सांगून टाकलं. त्या सगळ्या काळात ट्रेंट मात्र त्यावर जवळजवळ गप्पच होता. एप्रिलमध्ये सलाह आणि व्हॅन डाइकने सह्या केल्या, आणि लीग जिंकून झाल्यावर याने निरोपाचा व्हिडिओ टाकला. कॅप्टनपदाची स्वप्नं दाखवणाऱ्या गावच्या पोराकडून लोकांना जरा आधी, जरा सरळ बोलणं हवं होतं. तो राग मला मान्य आहे.

पण त्या रागातला निम्मा क्लबच्या ऑफिसकडे वळायला हवा. करारात दोन वर्षं उरली की नवा कागद पुढे ठेवायचा किंवा विकायचं, हे कुठलाही शहाणा क्लब करतो. २०२३ मध्ये ते का झालं नाही? कारण स्पोर्टिंग डायरेक्टरच्या, म्हणजे खरेदी-विक्री आणि करार बघणाऱ्याच्या, खुर्चीवर कोणी टिकत नव्हतं. मायकेल एडवर्ड्स २०२२ ला गेला, ज्युलियन वॉर्ड वर्षभरात गेला, मग श्माट्के थोडे महिने, मग मॅनेजर क्लॉपच जातोय म्हणाला, आणि रिचर्ड ह्यूज येईपर्यंत २०२४ उजाडलं. तोवर ट्रेंटचं एकच वर्ष उरलं होतं आणि सगळी पानं त्याच्या हातात होती.

तुमचा दुसरा प्रश्न, निष्ठा उरली आहे का. मला विचाराल तर मी मार्क गुएहीकडे बोट दाखवीन. ज्या १ सप्टेंबरला इसाक आला त्याच दिवशी क्रिस्टल पॅलेसचा हा तेव्हाचा कॅप्टन साडेतीन कोटी पौंडांना आपल्याकडे येणार होता. मेडिकलही झाली होती. शेवटच्या क्षणी पॅलेसने माघार घेतली, कारण त्याच्या जागी घ्यायला माणूस मिळाला नाही. त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष चालू होतं, म्हणजे चिडून बसायला पुरेसं कारण होतं. त्याने इन्स्टाग्रामवर तक्रार केली नाही, पाठ दुखते अशी सबबही काढली नाही. परत गेला, दंडावर कॅप्टनची पट्टी बांधली आणि खेळत राहिला. त्याला पॅलेस सोडायचंच होतं, हे सगळ्या लंडनला माहीत होतं.