आधी ड्रमर शोधा

प्रश्न: आमचा पाच जणांचा बँड आहे, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच तिकीट लावून शो करतोय. फोटोग्राफर दोन समोर आहेत. एकाचं इन्स्टाग्राम जबरदस्त पण पैसे जास्त मागतोय. दुसरा ओळखीतला, लग्नाचे फोटो छान काढतो, कॅमेरापण नवा घेतलाय. मागच्या वेळी मित्राने काढलेले, तर निम्मे हललेले आणि उरलेल्यांत सगळ्यांचे चेहरे लालभडक. कोणाला घेऊ?

उत्तर: दोघांकडेही एकच मागा, कुठल्यातरी एका कार्यक्रमाचे बँडला दिलेले सगळेच्या सगळे फोटो. इन्स्टावरचे दहा फोटो तीस शोमधून वेचलेले असू शकतात, त्यावरून तुमच्या रात्रीचं काय होणार ते कळत नाही. आणि छोट्या अंधाऱ्या हॉलमधलेच मागा, मोठ्या स्टेजवर लाइट भरपूर असतो, तिथे बरेच जण निभावून नेतात.

फोटो आले की आधी ड्रमर शोधा. खरंच. तो मागे, अंधारात, झांजांच्या आड आणि सतत हलणारा, त्याचा एकही धड फोटो नसेल तर फोटोग्राफर रात्रभर गायकासमोरच उभा होता असं समजा. (मी कीबोर्डवाला, चार वर्षांच्या फोटोंत माझी फक्त कोपरं सापडतात, त्यामुळे विषय जरा जिव्हाळ्याचा आहे.)

लाल चेहऱ्यांसाठी मित्राला फार बोलू नका. एलईडीचा निव्वळ लाल उजेड पडला की सेन्सरमध्ये तो एकच रंग ओसंडतो, चेहऱ्यावरचे बारकावे जातात आणि एडिटिंगमध्येही परत येत नाहीत. जाणकार माणूस लाइट बदलायची वाट बघतो, थोडं अंडरएक्स्पोज करून (म्हणजे फोटो मुद्दाम जरा काळपट ठेवून) रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढतो, नाहीच जमलं तर ब्लॅक अँड व्हाइट करून देतो. हललेले फोटो मात्र शटर स्पीडमुळे, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्यामुळे. शांत उभ्या गायकाला १/१२५ सेकंद चालून जातं, ड्रमरला १/२५० तरी हवं, आणि त्या उजेडात तेवढं मिळवायचं तर एफ/२.८ किंवा १.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ३२००-६४०० लागतं, म्हणून कॅमेरा नवा की जुना ते सोडा, लेन्स कुठली ते विचारा.

लग्नवाल्याला लगेच नाही म्हणू नका, धावपळीत नेमका क्षण पकडायची सवय त्याला असते. फक्त फ्लॅशशिवाय काढशील का ते विचारा. फ्लॅशने स्टेजच्या लाइटची सगळी मजा जाते आणि वाजवणाऱ्याच्या डोळ्यावर येतो तो वेगळाच. मोठ्या कॉन्सर्टमध्ये बऱ्याचदा पहिली तीनच गाणी आणि फ्लॅश बंद अशी अट असते ती उगाच नाही. हळू गाण्यात शटरचा खटखट आवाज नको म्हणून सायलेंट मोड (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) लावतात, पण एलईडीखाली त्याने फोटोवर पट्टे येऊ शकतात, हे त्याला आधीच माहीत असेल तर माणूस कामाचा.

मी असतो तर पहिल्यालाच घेतला असता, पण ड्रमर सापडला तरच. बजेट कमी पडलं तर पूर्ण रात्रीऐवजी साउंडचेक आणि अर्धा शो एवढंच बोलवा. फोटो पोस्टरला, अल्बमच्या कव्हरला वापरता येतील का ते लिहून घ्या. आणि गाण्यांची यादी त्याला आदल्या दिवशीच पाठवा, सोलो कुठे आहेत तिथे खूण करून.