एका दिवसाचा खाडा

प्रिय आक्का,

मी ३९ वर्षांची. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. गेल्या पावसाळ्यात शहापुरातल्या आमच्या कौलारू घराची मागची भिंत खचली. म्हणून यंदा मिरगाच्या आत भाग्यनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो.

चाळिशीच्या आत तीन गोष्टी अंगी लावून घ्यायच्या असं मी ठरवलं होतं. रोज दहा हजार पावलं, रोज पंधरा मिनिटं कन्नड वाचायला-लिहायला शिकायचं, आणि झोपण्याआधी दहा पानं वाचायची. कन्नड मी सकाळी बंबात पाणी तापेपर्यंत, मागच्या दारी बसून करत होते. मोबाईलमधल्या ॲपवर रोज टिक करायची. सलग २१२ दिवस झाले होते. सामान हलवायच्या दिवशी मोबाईलची बॅटरी संपली आणि चार्जर कुठल्या खोक्यात गेला ते कळेना. दुसऱ्या दिवशी सापडला. मोबाईल चालू केला तर ॲपवर ०.

आक्का, जुन्या घराला कुलूप लावताना माझ्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. तो शून्य बघून मात्र बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नवरा म्हणाला, 'एवढ्यासाठी रडतात होय?' दीड महिना झाला, तिन्हीतलं एकही धड होत नाही. पावलं चार हजारांवर अडकतात. सासूबाई रोज दिवेलागणीला विचारतात, 'घरी कधी जायचं?' जुन्या घराची किल्ली त्या कनवटीतून काढत नाहीत. ती मागून घ्यावी का? मी आळशी झाले आहे का?

– शून्यावर आलेली, भाग्यनगर

---

बाई गे,

तू अकाउंट्सवाली, म्हणून आधी हिशेबच करू. मजल्याला वीस पायऱ्या धर. तीन मजल्यांच्या साठ. त्या दिवशी तीस तरी फेऱ्या झाल्या असतील, कारण भांडी हमालांच्या हातात द्यायला तू तयार झाली नसशील. चढउतार मिळून झाल्या ३,६०० पायऱ्या. शहापुरातल्या माळ्यावरून खाली, परड्यातून पुढच्या दारी आणि तिथून टेंपोपर्यंत जे झालं ते वेगळंच. टेंपोवाल्याशी भाड्यावरून भांडलीस ते कन्नडातच ना? म्हणजे पंधरा मिनिटं तीही भरली. २१२ दिवसांत तू सगळ्यात जास्त चाललीस तो हाच दिवस, आणि तुझ्या मोबाईलनं नेमका त्याच दिवसाचा शून्य लिहिला. त्यात मोबाईलचा दोष नाही. त्याच्यातला तो इवलासा सेन्सर चालण्याचे हेलकावे मोजतो. मोबाईल बंद पडून टेबलावर असेल तर त्याच्या लेखी तू जागची हललीच नाहीस.

माझी तक्रार आहे ती त्या ॲपच्या हिशेबाच्या रीतीबद्दल. आमच्या घरी स्वयंपाकघरात दाराच्या मागं कॅलेंडर असायचं आणि त्यावर दुधाचे खाडे. दूधवाला आला नाही त्या तारखेवर फुली. महिनाअखेर फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे कापायचे, बाकीचे द्यायचे. आम्ही गणपत गल्लीतून टिळकवाडीला आलो तेव्हा ते कॅलेंडर हमालानं रद्दीत घातलं. मी दूधवाल्याला म्हटलं, चार खाडे होते. त्याच्या वहीत तीन होते. जरा वेळ डोकं खाजवलं त्यानं आणि म्हणाला, 'चार धरा आक्का, घर बदललाय, राहू दे.' कितीही भांडकुदळ दूधवाला असो, एक दिवस खाडा झाला म्हणून 'आता महिना पुन्हा एक तारखेपासून' असं म्हणणारा मला भेटलेला नाही.

तुझ्या ॲपला खाडा माहीत नाही. त्याला फक्त सलग माहीत आहे. सलग दिवसांचा आकडा वाढत गेला की तो तुटायची भीती वाढते, आणि त्या भीतीनं तू रोज ॲप उघडतेस. ज्यानं ते बनवलं त्याला हेच हवं असतं. तुला कन्नड यावं ही तळमळ तुझी, त्याची नव्हे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली या बाईंनी सहकाऱ्यांबरोबर ९६ जणांच्या सवयी तपासल्या होत्या. तो अभ्यास २०१० साली छापून आला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यांना दिसलं. माणसामाणसात फरक मोठा, कुणाला १८ तर कुणाला २५४. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, हेही दिसलं. तुझे तर २१२ झाले होते. ते कुठं वाहून गेलेले नाहीत.

पण दीड महिना म्हणजे खाडा नव्हे, हे मला तुला सांगायला पाहिजे. दीड महिन्याचं कारण ॲपमध्ये सापडणार नाही, ते शहापुरात आहे.

तूच लिहिलं आहेस बघ, बंबात पाणी तापेपर्यंत कन्नड. लाकडं सारायची, धूर डोळ्यांत गेला की पुस्तक जरा लांब धरायचं, पाणी कढत झालं की उठायचं. पंधरा मिनिटं तुला कुणी घड्याळ लावून दिली नव्हती, बंबानं दिली होती. आता गीझरचं बटण दाबतेस आणि त्या वेळात डबे भरतेस. जुन्या घरांच्या भिंतीत खुंट्या असायच्या. टोपी, पिशवी, छत्री, जे असेल ते खुंटीला. तुझ्या सवयीही तशाच टांगलेल्या होत्या. सामान आलं, खुंट्या भिंतीत राहिल्या. तीच गोष्ट पावलांची. परड्यातली विहीर, पलीकडचा संडास, पुढच्या दाराची कडी, माळ्याची शिडी. सकाळी नऊच्या आत ते घर तुझ्याकडून तीनेक हजार पावलं काढून घेत होतं आणि तुला वाटत होतं मी चालते. फ्लॅटमध्ये ओट्यापासून देवापर्यंत सहा पावलं. तू आळशी झालेली नाहीस, घर लहान झालं आहे.

शिवाय हा आषाढ आहे. बेळगावच्या आषाढात दहा हजार पावलं ठरवणारीच्या धाडसाला माझा नमस्कार. तो दहा हजारांचा आकडाही काही वेदात लिहिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर झाला. पाऊस ओसरेपर्यंत सहा हजार ठेव. गौरी-गणपती झाले, उघडीप मिळाली की सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून चाल. तिथं एक फेरी मारलीस की आपोआप दुसरी मारावीशी वाटते, असा माझा अनुभव आहे. वाचनाचं सोड. पुस्तकं अजून खोक्यात असणार. ती निघाली की तुझं तू वाचशीलच.

कन्नडला मात्र आजच नवी खुंटी ठोकायची. माझी सूचना दुधाची. सकाळी नंदिनीची पिशवी फोडतेस, दूध गॅसवर ठेवतेस आणि ते उतू जाऊ नये म्हणून तिथंच उभी राहतेस. ती पाच मिनिटं आहेत, हातात पिशवी आहे, पिशवीवर कन्नड आहे. 'नंदिनी' हा शब्द तुला माहीत आहे, म्हणजे निम्मं काम झालं. आता अक्षरं फोड. आपला अनुस्वार डोक्यावर टिंब होऊन बसतो, त्यांचा अक्षराच्या शेजारी चांगला गोल होऊन उभा राहतो. अक्षरांच्या माथ्यावर तुरा असतो, त्याला तलकट्टु म्हणतात. क ख ग घ हा क्रम आपलाच, फक्त अंगरखे वेगळे. एक गोष्ट जपून कर. त्यांच्याकडे ए आणि ओ आखूडही असतात आणि लांबही, दोन्हींची अक्षरं निराळी. आपल्याला तिथंच अडखळायला होतं. पिशवी झाली की हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल घे. मोबाईलचा कॅमेरा बिलावर धरला की मराठी उमटतं, ते निकड असेल तेव्हा बरं आहे. पण एकदा स्वतः वाच, मग पडताळ्यापुरता कॅमेरा धर.

कन्नड शिकते म्हटल्यावर नाकं मुरडणारी माणसं आपल्यात भेटतील. त्यांना चहा दे. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न तुझ्या ओट्यापाशी सुटायचा नाही, आणि तू विजेचं बिल वाचलंस म्हणून बिघडायचाही नाही.

आणि घरात मास्तरीण असताना तू ॲपकडे का गेलीस ते मला कळलेलं नाही. तुझ्या सासूबाईंचा जन्म शहापुरात गेला. शेजारी विणकर, भाजीवाली कन्नड, बांगड्यावाली कन्नड. त्यांना अक्षर येत नसेल, बोलणं फाकडं येत असणार. दूध तापताना त्यांना जवळ बसव. तू अक्षर लावायचं आणि त्यांनी उच्चार सुधारायचा. त्यांनाही तिथं काही काम नाही, हे तुझ्या पत्रात कुठं लिहिलेलं नाही, पण दिसतं. शहापुरात त्या कट्ट्यावर बसत असतील, येणाऱ्याजाणाऱ्याला 'काय गे, जेवलीस की नाही?' विचारत असतील. मागाची खटखट कानावर पडत असेल. तिसऱ्या मजल्यावर कट्टा नाही. दार उघडलं तर समोरचं बंद दार.

त्या 'घरी कधी जायचं' विचारतात ते विसरभोळेपणानं नव्हे. माझ्या आजीच्या तोंडी 'जरा बेळगावला जाऊन येतो' असं असायचं, शहापुरातून गणपत गल्लीत यायचं असलं तरी. शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांच्या अमलात. संस्थान जाऊन किती वर्षं झाली, पण त्या वयाच्या बायकांच्या डोक्यातली वेस गेली नाही. त्यांच्या हिशेबी तू त्यांना परमुलखात आणलं आहेस. पण ते परमुलूख रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आठवड्यातून एक दुपार ठरव. त्यांना घेऊन जा, घर उघड, खिडक्या उघडून हवा खेळू दे, शेजारच्या कट्ट्यावर तासभर बसू दे. मागच्या बाजूला जाऊ देऊ नकोस, भिंत खचलेली आहे. येताना त्या रिक्षात गप्प बसतील. बसू देत.

तिथं गेलीस की कदाचित तुलाही रडू येईल. कुलूप लावताना आलं नाही कारण तेव्हा तू खोकी मोजत होतीस. मुलं, गॅस, टेंपो, मालकाला द्यायचं डिपॉझिट. घर सोडल्याचं रडायला वेळ कुठं होता? मग दुसऱ्या दिवशी शून्याचं निमित्त मिळालं. नवऱ्याला एवढंच सांग की ॲपसाठी नव्हते रडत. त्यानंही कुठंतरी, गाडी पुसता पुसता, काढून घेतलं असेल. त्याचं घर ते, जन्म झालेलं. विचारून बघ एकदा.

तुझ्या सासूबाई माळकरी असतील तर त्यांना हेही विचार, २०२० साली माउलींच्या पादुका पंढरीला एसटीनं नेल्या, तेव्हा वारी मोडली का? काय उत्तर देतात ते मला कळव.

ॲप काढून टाक असं मी म्हणत नाही. राहू दे. पण दारामागं एक कॅलेंडर लाव, कागदाचं, आणि फक्त खाडे लिही. आज ०च्या पुढं १ दिसेल मोबाईलवर. कॅलेंडरवर २१२ अधिक १ लिही आणि मधल्या दिवसांवर फुल्या मार. कापून किती उरले ते महिनाअखेर बघू.

किल्ली मागू नकोस. हरवेल ही भीती वाटत असेल तर घर उघडायला जाल तेव्हा खडेबाजारात तिची नक्कल करून घे आणि नक्कल तू ठेव. कनवटीला असू दे ती अस्सल.

– आक्का