वाचकांचे प्रश्न : शेजारच्या काकूंसाठी परदेशातून काय करता येईल?

प्रश्न : आमचे घर नागपुरात त्रिमूर्तीनगरला आहे. आईबाबा गेल्यानंतर ते भाड्याने दिले असून मी मेलबर्नला असते. शेजारच्या काकू ऐंशीच्या घरात आहेत आणि एकट्याच राहतात. त्यांना मूलबाळ नाही. पुतण्या रायपूरला असतो, तो क्वचित येतो. अलीकडे फोनवर त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि जेवणाचे विचारले की विषय बदलतात. नात्याने मी त्यांची कोणी नाही. इथून कोणाला सांगावे, आणि मला तसा अधिकार आहे का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : काळजी वाटून चौकशी करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही; काकूंच्या घरात एखादी व्यवस्था लावण्यास मात्र त्यांची स्वतःची संमती लागते. म्हणून पहिले बोलणे त्यांच्याशीच व्हावे, आणि तेही ‘तुम्हाला आता जमत नाही’ अशा सुरात नको. घराची एक किल्ली कोणाजवळ ठेवायची, अडचणीच्या वेळी कोणाला बोलवायचे आणि कोणाला मुळीच बोलवायचे नाही, हे त्यांनाच विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा सर्वांत उपयोगी ठरते.

आपल्या पत्रात एका माणसाचा उल्लेख राहून गेला आहे, तो म्हणजे आपला भाडेकरू. काकूंच्या फाटकासमोरून रोज जाणारे ते एकमेव कुटुंब आहे ज्याच्याशी आपला नियमित संबंध आहे. शुश्रूषेचा भार त्यांच्यावर टाकू नये आणि ही गोष्ट भाड्याच्या व्यवहारात तर मुळीच गुंतवू नये. परंतु दुधाची पिशवी दुपारपर्यंत फाटकालाच अडकलेली दिसली, किंवा मे महिन्यात कूलर बंद दिसला, तर एक फोन करा, एवढे सांगणे वावगे नाही. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या शहरात कूलरमध्ये पाणी भरण्याचे त्राण नसणे हे वृद्ध माणसाच्या जिवावर बेतू शकते. काकूंकडे कामाला बाई येत असतील, तर घरात स्वयंपाक होतो की नाही हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. काकूंच्या संमतीने त्यांचा नंबर अवश्य घ्यावा.

या माणसांच्या पाठीशी सरकारी यंत्रणा उभी करता येते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि त्यांच्या घरी महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी, अशी तरतूद ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या नियमांत आहे. काकूंचे नाव त्या यादीत आहे का, याची चौकशी त्यांच्या वतीने एखाद्या स्थानिक व्यक्तीने ठाण्यात करावी. नियम कागदावर असला तरी पाठपुरावा केल्याशिवाय तो फाटकापर्यंत पोहोचतोच असे नाही. ‘एल्डर लाइन’ ही ज्येष्ठांसाठीची निःशुल्क राष्ट्रीय सेवा १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ उपलब्ध असते. तेथे माहिती आणि मार्गदर्शन मिळते, तसेच छळ किंवा हेळसांड होत असल्यास प्रत्यक्ष हस्तक्षेपही होतो. मात्र असे लघुक्रमांक भारतातील फोनवरून लावण्यासाठी आहेत. मेलबर्नमध्ये मोबाइलवरून ११२ फिरवल्यास फोन ऑस्ट्रेलियाच्याच आपत्कालीन सेवेला लागतो, नागपूर पोलिसांना नव्हे. म्हणून नजीकच्या पोलीस ठाण्याचा पूर्ण दूरध्वनी क्रमांक, +९१ ७१२ या संकेतांकासह, आजच टिपून ठेवावा. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ आणि पोलिसांसाठीचा ११२ हे क्रमांक काकूंच्या फोनजवळ ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत.

पुन्हा पुन्हा तेच बोलणे हे वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही विस्मरण होते आणि यांवर उपचार असतात. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे पिशवीत भरून सोबत न्यावीत. काकूंचे वय ७० पेक्षा अधिक असल्याने, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. त्यासाठी आधारच्या साहाय्याने कार्ड आधीच काढून ठेवावे लागते.

आता पुतण्याविषयी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यानुसार, अपत्य नसलेल्या ज्येष्ठांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा जो ती वारसाहक्काने मिळवणार आहे, त्या वारसावर, त्याची ऐपत असल्यास, निर्वाहाची जबाबदारी येते. निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे काकू स्वतः अर्ज करू शकतात आणि त्या असमर्थ असतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती तो करू शकते. शेजारी या नात्याने आपल्याला परस्पर तसे करता येणार नाही. तूर्त कायद्याची भाषा न काढता पुतण्याला एक फोन करावा, असे मला वाटते. क्वचित येणाऱ्या माणसाला कित्येकदा परिस्थितीची कल्पनाच नसते. काकूंना कायदेशीर सल्ला लागलाच, तर महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सहाय्य मिळते आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते.

पैशांबाबत दक्ष राहावे. नात्याबाहेरील व्यक्तींकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली भेट एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती सर्व रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. त्यामुळे आपल्या औदार्याचा कर काकूंना भरावा लागू शकतो. किराणा किंवा डब्याचे बिल आपण थेट दुकानदाराला चुकते करावे, तेही काकूंना सांगूनच. त्यांच्या बँकेचा पासवर्ड, ओटीपी किंवा मुखत्यारपत्र मात्र, त्यांनी आपण होऊन देऊ केले तरी, स्वीकारू नये. उद्या पुतण्याने हिशेब मागितला, तर त्याचे उत्तर आपल्याला मेलबर्नहून द्यावे लागेल.