साल्वादोर अलेंडे: सिनेटमधली पंचवीस वर्षे

“चिलीचे साल्वादोर अलेंडे १९७० मध्ये एकदम राष्ट्राध्यक्ष कसे झाले?” असे आपण विचारले आहे. त्यातला ‘एकदम’ हा शब्द मला खटकला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मात्र ते १९४५ पासून पंचवीस वर्षे होते आणि माझ्या मते त्यांची खरी ओळख तिथेच पटते.

ते समाजवादी नेते आणि पेशाने डॉक्टर. वाल्पाराइसो या बंदराच्या शहरात तरुणपणी त्यांना शवविच्छेदनाचे काम मिळाले आणि आपण अशी सुमारे दीड हजार विच्छेदने केली, असे ते पुढे सांगत. १९३९ मध्ये आरोग्यमंत्री असताना देशाच्या आरोग्यस्थितीवर त्यांनी एक पुस्तक लिहिले. बालमृत्यू आणि क्षय यांचे मूळ अपुऱ्या मजुरीत, कोंदट खोल्यांत आणि उपाशी पोटांत आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. सिनेटमध्ये त्यांनी हाच धागा धरून ठेवला. १९५२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापन करणारा कायदा झाला, त्यामागे त्यांचा मोठा पाठपुरावा होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध देण्याची योजना त्यांनी आणली, ती मला त्या जुन्या डॉक्टरचीच वाटते.

मतदारसंघ त्यांनी अनेकदा बदलले. १९४५ मध्ये ते दक्षिणेकडून निवडून आले, १९५३ मध्ये उत्तरेच्या खाणपट्ट्यातून, १९६१ मध्ये वाल्पाराइसोकडून आणि १९६९ मध्ये पुन्हा अगदी दक्षिण टोकाकडून. १९६६ ते १९६९ या काळात ते सिनेटचे अध्यक्ष होते. चे गेवारा यांच्या बोलिव्हियातल्या तुकडीतून बचावून चिलीत आलेल्या क्युबन सैनिकांना सुखरूप पोहोचवण्यासाठी ते १९६८ मध्ये, त्या पदावर असतानाच, स्वतः पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटापर्यंत गेले. टीकेची झोड उठली, तरी ते मागे हटले नाहीत.

आता राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांकडे येतो. १९५२ मध्ये त्यांना साडेपाच टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. १९५८ मध्ये ते उजव्या गटाचे उमेदवार होर्हे अलेसांद्री यांच्याकडून सुमारे ३३ हजार मतांनी हरले. चिलीत स्त्री-पुरुषांची मते तेव्हा वेगळी मोजली जात आणि पुरुषांच्या मतांत अलेंडेच पुढे होते, हे लक्षात घेतले म्हणजे तो पराभव किती निसटता होता ते कळते. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने, पहिल्या दोघांपैकी एकाची निवड राज्यघटनेप्रमाणे संसदेने करायची होती आणि तिने आघाडीवरच्या अलेसांद्री यांना निवडले. १९६४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे एदुआर्दो फ्रेई यांनी त्यांना हरवले.

४ सप्टेंबर १९७० रोजी साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास मते घेऊन अलेंडे पहिले आले आणि दुसऱ्या क्रमांकावर पुन्हा अलेसांद्रीच होते. निर्णय याही वेळी संसदेकडेच गेला. घटनात्मक हमींचे कलम, म्हणजे लोकशाही स्वातंत्र्ये जपण्याची हमी, अलेंडे यांच्याकडून मान्य करून घेऊन ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने पाठिंबा दिला आणि २४ ऑक्टोबर रोजी, ज्या संसदेत त्यांनी पंचवीस वर्षे काढली होती, त्याच संसदेने त्यांना ३५ विरुद्ध १५३ मतांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले.